वेदीपुढे ठेवलेली तलवार : संत इग्नेशियस लोयोला यांची जीवनगाथा

दर वर्षी ३१ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करते. येशूसंघाचे संस्थापक, आध्यात्मिक साधनेचे मार्गदर्शक आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचे आध्यात्मिक पिता म्हणून आपण त्यांना ओळखतो. चर्चमधील चित्रांत ते काळा झगा परिधान केलेले आणि हाती ग्रंथ घेतलेले दिसतात. परंतु वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत त्यांच्या कमरेला तलवार होती. त्यांचा जन्म गढीत झाला, तारुण्य राजदरबाराच्या छायेत गेले आणि आयुष्याला वळण मिळाले ते एका किल्ल्याच्या तटावर. त्या काळातील किल्ले, तट आणि तलवारी समजून घेतल्यावाचून या संताचे मन आपल्याला पुरते उमगणार नाही, असे आम्हांला वाटते. म्हणून ह्या लेखात आपण त्यांच्या जीवनाची वाट त्याच दगडी वास्तूंच्या साक्षीने चालणार आहोत.

लोयोलाची गढी

स्पेनच्या उत्तरेस बास्क लोकांचा डोंगराळ, हिरवागार आणि पावसाळी प्रदेश आहे. त्यातील गिपुझ्कोआ प्रांतात उरोला नदीच्या खोऱ्यात, आझपेइतिया गावाजवळ, लोयोला घराण्याची गढी उभी आहे. ही गढी आजही पाहणाऱ्याला चकित करते, कारण तिचा खालचा अर्धा भाग एका प्रकारचा आणि वरचा अर्धा भाग दुसऱ्याच प्रकारचा आहे. खाली ओबडधोबड दगडांच्या जाडजूड भिंती आणि मारा करण्यासाठी ठेवलेल्या अरुंद जंग्या. वर मात्र विटांचे नक्षीदार बांधकाम आणि प्रशस्त खिडक्या.

ह्या दोन रूपांमागे एक इतिहास आहे. पंधराव्या शतकात बास्क सरदार घराणी ओन्यास आणि गाम्बोआ अशा दोन तटांत विभागली गेली होती. मानपान, वतन आणि जुने वैर यांपायी ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे रक्त सांडत होती. प्रत्येक घर म्हणजे एक गढी होती आणि प्रत्येक गढी शेजाऱ्यावर डोळा ठेवून असे. अखेर कास्तिलचा राजा चौथा हेन्री याने १४५६ साली ह्या सरदारांच्या गढ्यांचे वरचे मजले पाडून टाकण्याची आज्ञा दिली. लोयोलाची गढीही त्यातून सुटली नाही. इग्नेशियस यांचे आजोबा हुआन पेरेस यांना दूर दक्षिणेकडे, मूर राज्याच्या सीमेवर, हद्दपार करण्यात आले. परत आल्यावर त्यांनी छाटलेल्या गढीवर विटांचे मजले चढविले; पण ते राहण्यासाठी होते, लढण्यासाठी नव्हते. घराच्या दरवाजावरील दगडी मानचिन्ह मात्र कायम राहिले : दोन लांडगे आणि त्यांच्या मधोमध साखळीला टांगलेला हंडा.

ह्याच घरात १४९१ च्या सुमारास बेल्त्रान आणि मारिना ह्या दांपत्याच्या पोटी एक मूल जन्मले. तेरा भावंडांत ते शेंडेफळ होते, असे परंपरा सांगते. आझपेइतियाच्या चर्चमध्ये त्याला बाप्तिस्मा मिळाला आणि त्याचे नाव इनिगो ठेवण्यात आले. गढीच्या जवळ राहणाऱ्या एका लोहाराच्या पत्नीने त्याला दूध पाजून वाढविले. तो मुलूखच लोखंडाचा होता. डोंगरात लोहखनिज, ओढ्यांच्या काठी भट्ट्या आणि त्या भट्ट्यांतून घडणारी हत्यारे. स्वतः लोयोला घराण्याच्याही मालकीच्या भट्ट्या होत्या. घणाच्या ठोक्यांच्या आवाजात वाढलेल्या ह्या मुलाचे थोरले भाऊही तलवारीच्याच वाटेने गेले. सर्वांत थोरला नेपल्सच्या युद्धात कामी आला. एक अटलांटिक सागर ओलांडून नव्या जगात गेला आणि परतला नाही.

मानाची हाव

इनिगो पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्याला आरेव्हालो येथे पाठविण्यात आले. तेथे कास्तिलच्या राजाचे खजिनदार हुआन व्हेलास्केस दे कुएयार यांचे घर होते. त्या घरात त्याने सुमारे दहा वर्षे काढली. सुंदर हस्ताक्षर, दरबारी रीतिभाती, घोडेस्वारी आणि तलवारीचे हात तो तेथेच शिकला. त्या काळी शिलेदारांच्या पराक्रमाच्या कादंबऱ्यांनी तरुणांना वेड लावले होते. गौलचा आमादिस हा त्या कादंबऱ्यांचा नायक. एखाद्या थोर स्त्रीच्या नावाने तलवार उपसावी, अशक्य ते साध्य करावे आणि जगाने आपले नाव घ्यावे, अशी स्वप्ने इनिगोही पाहू लागला.

संतांचे चरित्र सांगताना त्यांच्या तारुण्यावर पांघरूण घालण्याचा मोह अनेकांना होतो. आम्हांला ते योग्य वाटत नाही. १५१५ च्या कार्निव्हलच्या दिवसांत इनिगो आणि त्याचा धर्मगुरू असलेला भाऊ यांनी आझपेइतियात रात्रीच्या वेळी काही गंभीर आगळीक केली आणि त्यांच्यावर खटला भरण्यात आला. इनिगोने आपण चर्चच्या सेवेतील आहोत असे सांगून राजाच्या न्यायालयापासून सुटण्याचा प्रयत्न केला. त्यावर सरकारपक्षाने दाखवून दिले की, हा तरुण लांब केस ठेवून, तलवार आणि खंजीर लावून हिंडतो. चर्चच्या सेवकाची एकही खूण त्याच्या अंगावर नाही. भावी संताचे कागदोपत्री सापडणारे तरुणपणीचे चित्र हे असे आहे.

पुढे १५१७ साली त्याचा आश्रयदाता राजाच्या मर्जीतून उतरला आणि निधन पावला. त्याच्या विधवेने इनिगोला ५०० एस्कुदो आणि दोन घोडे देऊन नाहेराच्या ड्यूककडे पाठविले. हे ड्यूक नावार प्रांताचे व्हाइसरॉय होते. अशा रीतीने आपल्या कथेचा नायक त्या भूमीवर आला, जेथे दोन राजसत्तांचे वैर धुमसत होते.

नावारचे छाटलेले बुरूज

नावार हे पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी वसलेले लहानसे स्वतंत्र राज्य. १५१२ साली स्पेनच्या फर्डिनांड राजाच्या सैन्याने ते जिंकले. तेथील राजघराणे पर्वतापलीकडे गेले आणि फ्रान्सच्या मदतीने गमावलेले राज्य परत मिळविण्याची वाट पाहू लागले. १५१६ साली तसा एक प्रयत्न झाला आणि फसला. तेव्हा स्पेनचा कारभार पाहणारे कार्डिनल सिस्नेरोस यांनी नावारमधील किल्ले निकामी करण्याचा हुकूम सोडला. पुन्हा बंड होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

त्या किल्ल्यांत हाविएर नावाचा एक किल्ला होता. ह्या नावाचा आपल्याकडे रुळलेला उच्चार झेवियर. तेथील घरधनी हुआन दे हास्सो हे नावारच्या राजाचे विश्वासू मंत्री होते. ते आदल्याच वर्षी वारले होते. राजाच्या माणसांनी येऊन किल्ल्याचे तट पाडले, खंदक बुजविला आणि बुरूज छाटले. कुटुंबाला राहण्यापुरते घर तेवढे ठेवले. त्या घरात दहा वर्षांचा एक मुलगा होता. ७ एप्रिल १५०६ रोजी जन्मलेला तो फ्रान्सिस. त्याचे दोघे थोरले भाऊ नावारच्या राजासाठी हाती शस्त्र घेऊन स्पेनशी लढत राहिले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. एकीकडे लोयोलाची छाटलेली गढी, दुसरीकडे झेवियरचा छाटलेला किल्ला. दोन्ही घराणी मानी, दोन्ही राजाज्ञेने नमविलेली; परंतु ह्या युद्धात ती परस्परविरोधी बाजूंना उभी होती. लोयोलाचा इनिगो स्पेनच्या बाजूने आणि झेवियरचे बंधू नावारच्या बाजूने.

२० मे १५२१

१५२१ च्या मे महिन्यात फ्रेंच आणि नावारी सैन्य पिरेनीज ओलांडून नावारची राजधानी पाम्प्लोनापुढे येऊन ठेपले. शहरातील लोकांचा कल आपल्या जुन्या राजाकडे होता. १९ मे रोजी शहर शरण गेले. उरला तो किल्ला आणि त्यातील मूठभर शिबंदी.

हा किल्ला फर्डिनांडच्या आज्ञेने नव्याने बांधला जात होता, पण त्याचे काम अजून पूर्ण झाले नव्हते. शिवाय काळ बदलला होता. जुन्या किल्ल्यांची भिस्त उंच तटांवर असे. शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूला उंची अडवीत असे. परंतु पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी ओतीव काशाच्या, गाड्यांवर ओढल्या जाणाऱ्या तोफा आणि लोखंडी गोळे युद्धात आणले. उंच, सरळ भिंत म्हणजे अशा तोफेला आयतेच लक्ष्य. म्हणूनच पुढे युरोपात किल्ल्यांचे रूप पालटले. तट बुटके, रुंद आणि मातीने भरलेले झाले. बुरूज बाणाच्या टोकासारखे पुढे आले. पाम्प्लोनामध्येच १५७१ पासून असा पंचकोनी किल्ला बांधण्यात आला आणि तो आजही पाहायला मिळतो. परंतु १५२१ मधील त्या अपुऱ्या किल्ल्याला असे कोणतेच संरक्षण नव्हते.

किल्ल्यातील जाणत्या माणसांचे मत स्पष्ट होते. बचाव अशक्य आहे. प्राण आणि प्रतिष्ठा राखून शरण जावे. एकट्या इनिगोने त्यास विरोध केला. त्याने किल्लेदाराला इतक्या आवेशाने गळ घातली की अखेर सर्वांनी लढण्याचे ठरविले. जवळ धर्मगुरू नव्हते. तेव्हा त्या काळच्या चालीप्रमाणे त्याने एका सोबत्यापाशी आपल्या पापांची कबुली दिली आणि तो तटावर उभा राहिला.

२० मे रोजी तोफांचा भडिमार सुरू झाला. तटाला खिंडार पडले. त्या खिंडारापाशी तलवार उपसून उभ्या असलेल्या इनिगोच्या दोन्ही पायांमधून एक गोळा गेला. उजव्या पायाचे हाड चुरले आणि डाव्या पायाला मोठी जखम झाली. तो कोसळताच इतरांचा धीर सुटला आणि किल्ला शरण गेला.

हे शौर्य होते, यात शंका नाही. पण हे शौर्य कशासाठी होते, हा प्रश्न पुढे स्वतः इग्नेशियस यांनीच स्वतःला विचारला. आयुष्याच्या उत्तरार्धात आपली कहाणी सांगताना त्यांनी कबूल केले की, त्या काळात जगात नाव मिळविण्याची पोकळ हाव आपल्याला होती. अशा हावेपायी माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यांनाही संकटात ओढतो, हे आपण विसरता कामा नये.

शत्रूची दया आणि रुग्णशय्या

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. ज्या फ्रेंचांशी तो हट्टाने लढला, त्यांनीच त्याच्या जखमांवर उपचार केले, त्याला सौजन्याने वागविले आणि काही दिवसांनी डोलीत घालून घरी पाठवून दिले. इनिगोच्या नव्या जीवनाची पहिली पायरी शत्रूच्या दयेने घातली गेली.

डोंगरवाटांवरून डोलीत हेलकावे खात तो लोयोलाच्या गढीत पोहोचला. हाड चुकीचे बसले होते, ते पुन्हा मोडून बसवावे लागले. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती. वेदना सोसताना त्याने फक्त मुठी आवळल्या. प्रकृती इतकी ढासळली की २८ जूनच्या रात्री, संत पेत्र आणि संत पौल यांच्या सणाच्या पूर्वसंध्येला, तो दगावणार असे वैद्यांना वाटले. परंतु त्याच रात्रीपासून उतार पडू लागला.

पाय बरा झाला तो आखूड राहून आणि गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा ठेवून. दरबारी तरुणाच्या घट्ट बुटांत तो उंचवटा बसणार नव्हता. केवळ तेवढ्यासाठी इनिगोने ते हाड करवतीने कापून घेतले आणि पाय लांब व्हावा म्हणून दिवसेंदिवस तो ताणून घेतला. मृत्यूच्या दारातून परतल्यावरही त्याला काळजी होती ती बुटांची! मनुष्याचे मन एका रात्रीत बदलत नाही. देवाला त्याच्यापाशी फार धीराने थांबावे लागते.

वेळ जावा म्हणून त्याने शिलेदारांच्या कादंबऱ्या मागितल्या. गढीत त्या नव्हत्या. घरधनी असलेल्या त्याच्या भावाची पत्नी माग्दालेना ही भाविक स्त्री होती. तिने दीराच्या हाती दोन ग्रंथ ठेवले : सॅक्सनीच्या लुडोल्फ यांनी लिहिलेले ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या चरित्रांचा एक संग्रह. इनिगो वाचू लागला. वाचता वाचता ग्रंथ मिटून तो स्वप्नात रमे. कधी त्या थोर स्त्रीसाठी करावयाच्या पराक्रमांची स्वप्ने, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डोमिनिक यांनी केले ते आपणही का करू नये, असा विचार.

हळूहळू त्याला एक फरक जाणवला. दोन्ही स्वप्ने चालू असताना गोड वाटत. परंतु पहिली ओसरली की मन कोरडे आणि उदास होई. दुसरी ओसरल्यावरही मनात शांती आणि आनंद टिकून राही. ही बारीकशी जाणीव म्हणजेच त्यांच्या पुढच्या साऱ्या शिकवणुकीचे बीज. मनात येणारा विचार देवाकडून आहे की नाही हे ओळखायचे, तर तो मागे काय ठेवून जातो ते पाहावे. तटावर उभे राहून शत्रूवर नजर ठेवणारा शिपाई आता स्वतःच्याच अंतःकरणावर पहारा करू लागला.

मॉन्तसेरातचे जागरण

१५२२ च्या आरंभी इनिगोने गढी सोडली. थोरल्या भावाने त्याला खोलीखोलीतून फिरवीत घराण्याच्या मोठेपणाची आठवण दिली आणि विनविले. पण तो थांबला नाही. खेचरावर बसून तो निघाला. कमरेला तलवार आणि खंजीर मात्र अजून होते.

वाटेत एक मूर प्रवासी भेटला. दोघांत पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी वाद झाला आणि तो मूर पुढे निघून गेला. मागाहून इनिगोच्या मनात आले की आपण मातेच्या मानासाठी काहीच केले नाही; त्या माणसाला गाठून खंजीर खुपसावा काय? निर्णय होईना. अखेर त्याने खेचराचा लगाम सैल सोडला. ते मूर गेलेल्या गावाकडे वळले तर वार करायचा, नाहीतर सोडून द्यायचे. खेचराने दुसरी वाट धरली. ही गोष्ट वाचून आपल्याला हसू येईल, पण ती मनाला चटका लावणारी आहे. हृदय देवाकडे वळले होते. हात मात्र जुन्या सवयीने शस्त्राकडेच जात होता. धर्माचा मान तलवारीने राखावा, हा भ्रम अजून सुटला नव्हता.

२१ मार्च १५२२ च्या सुमारास तो कातालोनियातील मॉन्तसेरात पर्वतावर पोहोचला. तेथे बेनेडिक्टाइन मठात पवित्र मरिया मातेची सावळी मूर्ती आहे. तीन दिवस घेऊन, आठवून आठवून, लिहून काढून त्याने साऱ्या आयुष्याचे पापनिवेदन केले. खेचर मठाला देऊन टाकले. २४ मार्चच्या रात्री त्याने आपली उंची वस्त्रे एका भिकाऱ्याला दिली आणि स्वतः गोणपाटाचा झगा घातला.

शिलेदारीची दीक्षा घेण्यापूर्वी तरुणाने आपली शस्त्रे वेदीपुढे ठेवून रात्रभर जागरण करावे, अशी युरोपात रीत होती. पहाटे ती शस्त्रे कमरेला बांधून तो शिलेदार म्हणून बाहेर पडे. इनिगोने तसेच जागरण केले. कधी गुडघे टेकून, कधी काठीच्या आधाराने उभे राहून त्याने ती रात्र मातेपुढे काढली. परंतु २५ मार्चची पहाट झाली, देवदूताने मरियेला दिलेल्या संदेशाच्या सणाचा दिवस उजाडला, तेव्हा त्याने शस्त्रे उचलली नाहीत. तलवार आणि खंजीर वेदीपाशीच राहिले. त्याची म्हणून जतन केलेली तलवार बार्सेलोना येथील येशूसंघीयांच्या चर्चमध्ये आजही दाखविली जाते.

पर्वत उतरत असताना एका माणसाने त्याला गाठले. उंची वस्त्रे चोरल्याच्या संशयावरून त्या भिकाऱ्याला पकडण्यात आले होते. ती वस्त्रे आपणच दिली, असे सांगताना इनिगोच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. करवतीखाली न रडलेला हा शिपाई दुसऱ्याच्या दुःखाने रडला. तलवार खऱ्या अर्थाने सुटली ती तेव्हा, असे आम्हांला वाटते.

गुहा, बंदिवास आणि शाळेचा बाक

मॉन्तसेरातहून ते मान्रेसा ह्या गावी गेले आणि तेथे सुमारे अकरा महिने राहिले. भिक्षा मागावी, आजाऱ्यांची सेवा करावी आणि नदीकाठच्या गुहेत प्रार्थना करावी, असा त्यांचा क्रम होता. जुन्या पापांच्या विचाराने त्यांचा इतका छळ झाला की जीव देण्याचेही विचार मनात आले. ह्या अंधारातून देवाने त्यांना हात धरून बाहेर काढले. गुरू शाळेतील मुलाला शिकवितो तसे देव आपल्याला शिकवीत होता, असे त्यांनी पुढे म्हटले. आध्यात्मिक साधना ह्या त्यांच्या लहानशा ग्रंथाचा पाया येथेच घातला गेला. आपण आज जी रिट्रीट करतो, तिच्यावर त्या अनुभवाचा फार मोठा प्रभाव आहे.

१५२३ साली ते यात्रेकरू म्हणून यरुशलेमला गेले. तेथेच राहावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु पवित्र भूमीतील फ्रान्सिस्कन अधिकाऱ्यांनी धोका ओळखून त्यांना परत पाठविले. आत्म्यांची सेवा करायची तर शिकले पाहिजे, हे जाणून तेहतिशी गाठलेले इग्नेशियस बार्सेलोनामध्ये लहान मुलांच्या शेजारी बाकावर बसून लॅटिन व्याकरण शिकू लागले. पाम्प्लोनाच्या तटावरील धैर्यापेक्षा हे धैर्य थोर, असे आमचे मत आहे. अल्काला आणि सालामांका येथे, पदवी नसताना धर्मोपदेश करतात म्हणून त्यांची चौकशी झाली. अल्काला येथे ४२ दिवस आणि सालामांका येथे २२ दिवस त्यांनी कैदेत काढले. त्यांच्या शिकवणुकीत दोष आढळला नाही.

एका खोलीतील दोन घराणी

२ फेब्रुवारी १५२८ रोजी ते पॅरिसला पोहोचले. पुढच्या वर्षी सेंट बार्ब महाविद्यालयात त्यांना राहण्यास जागा मिळाली. त्या खोलीत आधीपासून दोन तरुण होते. एक सावॉयचा मेंढपाळपुत्र पीटर फेबर आणि दुसरा छाटलेल्या किल्ल्यातून आलेला फ्रान्सिस झेवियर.

ह्या भेटीचा विचार करावा तितका थोडा. आठ वर्षांपूर्वी इग्नेशियस ज्यांच्या विरुद्ध तलवार घेऊन उभे होते, त्या पक्षासाठी फ्रान्सिसच्या भावांनी रक्त सांडले होते. पराभवानंतर त्या भावांना मृत्युदंड फर्मावला गेला होता; नंतर माफी मिळाली. फ्रान्सिसला ह्या लंगड्या, वयस्क आणि फाटक्या वस्त्रांतील बास्क माणसाची ओढ वाटू नये, हे स्वाभाविकच होते. त्याला घराण्याची गेलेली प्रतिष्ठा परत मिळवायची होती. इग्नेशियस यांनी त्याच्यावर वादाचे वार केले नाहीत. त्यांनी त्याच्या वर्गाला विद्यार्थी मिळवून दिले, पैशाची अडचण भागविली आणि सारे जग मिळवून आत्मा गमावण्याविषयीचा प्रभू येशूचा प्रश्न त्याच्यापुढे पुन्हा पुन्हा ठेवला. ह्याला वर्षे लागली. अखेर १५३३ च्या सुमारास फ्रान्सिसचे मन वळले. तोफांनी पाम्प्लोनाचा तट एका दिवसात पाडला. ह्या तटाला चार वर्षे लागली आणि तो आतून उघडला गेला.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरील लहानशा चॅपेलमध्ये सात मित्रांनी व्रत घेतले. फेबर तेवढे धर्मगुरू होते. त्यांनी मिस्सा अर्पण केली. येशूसंघाची ती गर्भावस्था होती.

गढीकडे पाठ

१५३५ साली आजारपणामुळे हवापालटासाठी इग्नेशियस आपल्या गावी गेले. भावाने त्यांना गढीत आणण्याचा आग्रह केला. ते गढीत उतरले नाहीत. आझपेइतियाच्या गरिबांसाठी असलेल्या माग्दालेना रुग्णाश्रमात राहिले आणि दारोदार भिक्षा मागून जेवले. ते मुलांना धर्मशिक्षण देत. गावातील गरिबांना नियमित मदत मिळावी अशी व्यवस्था त्यांनी लावून दिली. ज्या गावात त्यांनी तारुण्यात आगळीक केली, त्याच गावाचे ऋण त्यांनी असे फेडले.

२४ जून १५३७ रोजी व्हेनिस येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप तिसरे पॉल यांनी येशूसंघाला मान्यता दिली आणि पुढील वर्षी इग्नेशियस संघप्रमुख म्हणून निवडले गेले. रोममध्ये त्यांनी निराधार स्त्रियांसाठी संत मार्था यांच्या नावाने आश्रयगृह सुरू केले, अनाथ मुलांची सोय पाहिली, शाळा व महाविद्यालये उभारली. जग जिंकण्याची स्वप्ने पाहणारा हा माणूस आयुष्याची शेवटची पंधरा-सोळा वर्षे रोममधील लहानशा खोल्यांत बसून पत्रे लिहीत राहिला. त्यांची सुमारे ७,००० पत्रे आजही उपलब्ध आहेत.

त्यांतील काही पत्रे आपल्या भूमीकडे आली. मार्च १५४० मध्ये, दुसरा सोबती आजारी पडल्यामुळे, इग्नेशियस यांनी फ्रान्सिस झेवियर यांना भारतात जाण्यास सांगितले आणि ते तत्काळ निघाले. दोघा मित्रांची पुन्हा भेट झाली नाही. ६ मे १५४२ रोजी झेवियर गोव्यात उतरले. वसईच्या भूमीलाही त्यांचे पाय लागले, आणि वसईच्या किल्ल्यात येशूसंघीयांच्या चर्चचे भग्नावशेष आजही उभे आहेत. मित्रांच्या पत्रांतील सह्या कापून त्या झेवियर छातीशी बाळगीत. जून १५५३ मध्ये इग्नेशियस यांनी त्यांना युरोपात परत बोलावणारे पत्र लिहिले. परंतु ३ डिसेंबर १५५२ रोजीच चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर झेवियर यांचे निधन झाले होते. बातमी रोमला पोहोचण्यास तेव्हा फार काळ लागे.

३१ जुलै १५५६ रोजी पहाटे इग्नेशियस यांनी शांतपणे देह ठेवला. त्या वेळी संघाचे सुमारे १,००० सभासद होते. १२ मार्च १६२२ रोजी पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद दिले. त्याच दिवशी, त्याच समारंभात, फ्रान्सिस झेवियर यांचेही नाव संतमालिकेत नोंदविले गेले. लोयोला आणि झेवियर ही दोन घराणी वेदीवर एकत्र आली.

आपल्या गढ्या

त्या किल्ल्यांचे पुढे काय झाले? पाम्प्लोनाचा तो किल्ला आज उरलेला नाही. इग्नेशियस जिथे जखमी झाले त्या ठिकाणी त्यांच्या नावाचे चर्च आहे. झेवियरच्या किल्ल्याची पुनर्बांधणी झाली आणि तो यात्रेचे स्थान बनला. लोयोलाच्या गढीला विशाल बॅसिलिकेच्या इमारतीने वेढून घेतले आहे. तिच्या वरच्या मजल्यावरील ज्या खोलीत इनिगोचे मन पालटले, तेथे आता मिस्सा अर्पण होते. २० मे २०२१ ते ३१ जुलै २०२२ ह्या काळात येशूसंघाने पाम्प्लोनाच्या त्या जखमेचे पाचशेवे वर्ष जगभर साजरे केले. विजयाचा उत्सव सारेच करतात. एका पराभवाचा, एका मोडलेल्या पायाचा असा उत्सव विरळाच.

आपल्यापैकी कोणाच्या कमरेला आज तलवार नाही. परंतु गढ्या मात्र आपल्याही आहेत. शेताच्या बांधावरून, वडिलार्जित घराच्या वाटणीवरून, कधीकाळी बोललेल्या एका शब्दावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या अंगणात पाऊल ठेवीत नाहीत. एकाच चर्चमध्ये एकाच मिस्साला येतात आणि दोन दारांनी बाहेर पडतात. शरण गेलो तर मान जाईल, ही भीती तीच, जी पाम्प्लोनाच्या अपुऱ्या तटावर इनिगोला वाटली होती. तो मान टिकविता टिकविता आपण काय गमावतो आणि घरातल्या किती जणांना त्यात ओढतो, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

संत इग्नेशियस यांनी धैर्य टाकून दिले नाही. त्यांनी फक्त धन्याची निवड बदलली. त्यांच्या सणाच्या निमित्ताने आपण रात्री झोपण्यापूर्वी काही क्षण काढून मनाची तपासणी करावी, आणि जो राग आपण वर्षानुवर्षे धार लावून जपला आहे, तो त्यांच्याप्रमाणे वेदीपुढे ठेवून हात मोकळे करावेत. मोकळ्या हातांनीच आपल्याला भावाचा हात धरता येईल. त्यासाठी लागणारी कृपा संत इग्नेशियस यांच्या मध्यस्थीने आपणां सर्वांना लाभो.